बोलणारं माणूस

फोन पडला. खरं तर एवढंच झालं. वलगावच्या पलीकडच्या त्या घरात फोन नेहमी पितळी तांब्याला टेकवून ठेवलेला असायचा आणि गेल्या पाच मंगळवारांत तो एकदाही हलला नव्हता. आज मैनाबाईच्या मांडीवरच्या पोरीनं पाय झाडला, तांब्या डुगडुगला आणि फोन उताणा पडला. इकडे माझ्या लॅपटॉपवर आधी त्यांच्या घरावरचे टिनाचे पत्रे आले, मग पंख्याचं एक पातं, आणि मग वरून वाकून बघणारा एक चेहरा, जो मी कधीच पाहिला नव्हता. कोवळा चेहरा, कोरडे ओठ, केसांना कितीतरी दिवसांत तेल नाही. त्या चेहऱ्याच्या मागून तो आवाज आला, ज्या आवाजाशी मी पाच आठवडे बोलत होते. ‘मैना, उचल वं तो फोन. म्याडम वाट पाहून राहिल्या.’

मी लुबना. अकोल्याच्या जुन्या शहरात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून मी लोकांचं मन ऐकते. आधी अमरावतीच्या एका संस्थेत समोरासमोर बसून ऐकायचे, कोरोना आला तेव्हापासून पडद्यावर ऐकते. वऱ्हाडातल्या कास्तकारांच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या, घरांतून जे आत्महत्यांचं सत्र चालत आलं, त्यासाठी ही संस्था निघाली. त्या घरातली माणसं दवाखान्यात येत नाहीत, म्हणून दवाखानाच फोनमधून त्यांच्या घरी न्यायचा, अशी कल्पना. माझे अब्बा, बशीर गादीवाले, त्यांचा जन्म कापूस पिंजण्यात गेला. ते मला चिडवतात, ‘मैं रुई पिंजता था, तू दिमाग पिंजती.’ मैनाची केस एप्रिलमध्ये आली. वलगावचा आमचा कार्यकर्ता धर्मपाल, त्यानं चिठ्ठीत लिहिलं होतं: वय सव्वीस, पहिलं बाळंतपण, मुलगी चार महिन्यांची. नवरा किशोर नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात, बारा तासांची पाळी. बाई बोलत नाही, जेवत नाही, एकदा पहाटे विहिरीच्या काठावर उभी सापडली. ती शेवटची ओळ वाचून मी तो कागद बाकीच्या कागदांतून वेगळा काढून ठेवला होता. आणि आज, मे महिन्यातल्या या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, मी ती केस बंद करणार होते. ‘सुधारणा समाधानकारक’ असं फॉर्मवर लिहूनही झालं होतं. एकदा केस बंद झाली की त्या घरात आमचा फोन पुन्हा जात नाही.

कोवळ्या चेहऱ्याच्या बाईनं फोन उचलला, तांब्याला टेकवला आणि ती पडद्यातून निघून गेली. जागेवर पुन्हा माझी मैनाबाई आली. तीच रुंद कपाळाची, कानशिलावर पिकलेली बट, मांडीवर पोरगी. हसली. ‘पडला जी. हे लेकरू लय पाय मारते.’ मी कूलरकडे पाहिलं. कूलर बंद करावा असं वाटलं, त्याच्या आवाजात आपल्याला नीट ऐकू आलं नसेल असंही वाटलं, पण नीट ऐकू आलं होतं. ‘आत्ता तुम्ही मैना कोणाला म्हणालात?’ मी विचारलं. ‘हिले,’ तिनं डाव्या हाताला मान वळवली, ‘मैना हाये न हे.’ ‘मग तुम्ही कोण?’ ‘मी पार्बता जी. तिची मोठी जाऊ.’ तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची एक रेघसुद्धा नव्हती. नळाला पाणी आलं का विचारावं आणि तिनं हो म्हणावं, इतक्या सहज तिनं आपलं नाव सांगितलं. चेहरे वाचायचं शिक्षण मी घेतलं आहे, त्यावर माझं पोट आहे, आणि मी त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

पाच आठवडे. मी मागे जाऊन एकेक मंगळवार चाळायला लागले. सव्वीस वर्षांची बाई म्हणून चिठ्ठी होती आणि समोर पंचेचाळिशीची बाई बसली होती, हे मला दिसलं नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आणि मी स्वतःला काय सांगितलं? शेतातली बाई, उन्हात राबते, लवकर वय दिसतं. मोठी समजूतदार होते मी. नंतर मला वाईटसुद्धा वाटलं होतं, की बघा, सव्वीस वर्षांत काय दशा झाली. सुरुवातीला दर वेळी नियमाप्रमाणे विचारलं होतं, खोलीत दुसरं कोणी आहे का? दर वेळी उत्तर आलं होतं, ‘परकं कोनी नाई जी.’ माझं समाधान झालं होतं. विहिरीचं विचारलं तर म्हणाली, ‘पानी आनाले गेलती, लोक उगाच बोलतेत.’ मी लिहून घेतलं. मग तो कागद, ज्यावर नऊ प्रश्न असतात, झोप येते का, भूक लागते का, कशात मन लागतं का, अशा क्रमानं जात नववा प्रश्न येतो, जीव नकोसा होतो का. पहिल्या आठवड्यात बेरीज एकोणीस. मागच्या आठवड्यात सहा. एकोणिसावरून सहावर आलेली बाई मी महिन्याच्या बैठकीत सगळ्यांना सांगितली होती. लोकांनी माना डोलावल्या होत्या. शाळेत पंजाबराव सर म्हणी पाठ करून घ्यायचे, ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ हिचा अर्थ सांगायला त्यांनी एकदा मलाच उभं केलं होतं. घर रामेश्वरला जळतंय आणि पाणी सोमेश्वरला मारताहेत. वर्गात मी अर्थ घडाघडा सांगितला होता.

‘पण तुम्ही का बसलात? केस मैनाची आहे ना?’ माझा आवाज चढला होता, तो मला ऐकू येत होता. आमच्या कामात आवाज चढवत नाहीत. पार्बताबाई बिचकल्या नाहीत, उलट मलाच समजावल्यासारखं बोलल्या. ‘तिले बोलता नाई येत म्याडम. नवी पोरगी हाये, मोठ्या मानसासमोर तोंडच नाई उघडत. किशोर म्हने, वहिनी तुमीच बसा, तुमाले जमते. अमरावतीच्या दवाखान्यात बाळंतपनालेबी मीच बोलली न. तिच्या मायच्या आपरेशनच्या वेळेस बी मीच.’ ती जे सांगत होती ते मला तिच्याइतकंच माहीत होतं. आमच्याकडे दवाखान्यात पेशंट बोलत नाही. पेशंट स्टुलावर बसतो, खाली बघतो, आणि सोबतचं माणूस बोलतं. डॉक्टर विचारतो, काय होतंय, आणि सोबतचं माणूस सांगतं, पोटात दुखते म्हणते, दोन दिवसांपासून. प्रत्येक घरात एक बोलणारं माणूस असतं, त्याला कचेरीतही पुढे करतात, सोयरिकीतही, दवाखान्यातही. धर्मपालनंसुद्धा फोन लावून देताना पार्बताबाईंना बघितलं असणार आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नसणार, कारण बोलणाऱ्या माणसानंच बोलायचं असतं. हे सगळं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या घरातलं बोलणारं माणूस मी होते.

अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं होतं. खानदानात पहिलीच मी. त्यांचं म्हणणं, बाजार मराठीत चालतो, कचेरी मराठीत चालते, एका लेकराला तरी ती यायला हवी. अम्मीला, कुलसुमबीला, मराठी समजायची थोडी, पण बोलायची वेळ आली की तिचा घसा आटायचा. म्हणून दुकानात मी, रेशनच्या रांगेत मी, आणि अकराव्या वर्षी डॉक्टरकडेही मीच. टिळक रोडच्या बाजूच्या एका गल्लीत तो दवाखाना होता, एक खोली, मध्ये हिरवा पडदा, पडद्याच्या अलीकडे बाकावर वाट बघणारी माणसं. त्या दिवशी बाकावर पंजाबराव सर बसले होते. मला बघून हसले, ‘काय लुबना, आईला घेऊन आलीस? शहाणी.’ मी आणि अम्मी पडद्याआड गेलो. पडदा कसला, सगळं पलीकडे ऐकू जायचं. अम्मी स्टुलावर बसली, बुरख्याची जाळी वर केली, आणि माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, ‘बोल बेटा, छाती में गाठ है. बाएँ तरफ. दो महिने से.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं वय असं होतं की तो शब्द मी वहीतसुद्धा लिहिला नसता. पडद्याच्या पलीकडे सर होते. मी म्हणाले, ‘आईची पाठ दुखते.’ डॉक्टरांनी विचारलं, ‘डावी बाजू?’ कारण अम्मीचा हात तिथंच होता. मी म्हणाले, ‘हो. पाठीत.’ त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि चोळायला मलम दिलं. माझ्या तोंडाकडे अम्मी एकटक बघत होती, माझ्या ओठांवरून आपलं दुखणं मराठीत जातंय असं तिला वाटत होतं. रिक्षात तिनं विचारलं, ‘बोली ना?’ मी हो म्हणाले. चार महिने ती ते मलम गाठीवर चोळत होती. म्हणायची, ‘जलता है, मतलब असर कर रा.’ घरभर कापराचा वास असायचा. मग नागपूर, मग तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या बाईंनी पहिल्यांदा स्वतः हात लावून पाहिलं, आणि मग फार दिवस राहिले नाहीत. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. अब्बांनाही नाही. माणसांना मी रोज म्हणते, मोकळेपणानं बोला, मनात ठेवू नका, आणि ते म्हणताना मला लाज वाटत नाही, याचंच कधी कधी आश्चर्य वाटतं.

पडद्यावर पार्बताबाई माझ्याकडे बघत होत्या. पोरगी त्यांच्या अंगठ्याशी खेळत होती. मला एकदम सुचलं आणि मी विचारलं, ‘मग मला जे सांगितलंत पाच आठवडे, ते कोणाचं? झोप येत नाही, चिंचेकडे बघवत नाही, घास तोंडात फिरतो, हे कोणाचं?’ आता पहिल्यांदा त्या अडखळल्या. पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. ‘पैल्या दिवशी तिचंच सांगतलं जी. इमानानं. मंग तुमी माह्या तोंडाकडे पाहून इचाराले लागल्या न, झोप येते का, मनात काय येते. माह्या तोंडातून माह्यंच याले लागलं.’ मग म्हणाल्या, ‘आमचे हे गेले त्याले अठरा वर्सं झाली. उत्तमराव नाव होतं. वावरातल्या चिंचेखाली सापडले. तवा लय लोक आले घरी. साहेब आले, पेपरवाले आले, किती एकर, काय पेरलं, बोंडं कशानं गळली, सारं इचारलं. मले कोनंच नाई इचारलं का तुले झोप येते का. तुमीच पैल्या.’ मी ऐकत होते. मला त्या पाच मंगळवारांमधलं एकेक वाक्य आता दुसऱ्याच बाईच्या अंगावर जाऊन बसताना दिसत होतं आणि प्रत्येक वाक्य तिला बरोबर मापाचं होत होतं. चिंच. अर्थातच चिंच. मी तिला सांगितलं होतं, चिंचेच्या बाजूनं रोज चार पावलं जास्त जायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली होती, आज चिंचेखाली बसून शिदोरी खाल्ली. बैठकीत हेच सांगताना माझा आवाज भरून आला होता. ‘माह्यं तं बरं झालं म्याडम,’ पार्बताबाई म्हणाल्या, ‘देवाशपथ. रात्री डोळा लागते आता.’ एकोणिसावरून सहा. बेरीज खरी होती. इलाज खरा होता. मला हसावं की रडावं कळेना आणि दोन्हींपैकी काहीच झालं नाही. मी एका बाईला बरं केलं होतं, जिचं नाव माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

आणि जिचं नाव होतं ती? तिचा एक गुडघा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दिसत होता. हिरवं लुगडं, गुडघ्यावर निजलेला हात. पाच आठवडे तो गुडघा तिथंच असणार, चौकटीच्या बाहेर. दर मंगळवारी ती भिंतीशी बसून ऐकत होती, तिच्या नावानं कोणीतरी झोपायला लागतंय, जेवायला लागतंय, बरं होतंय. मला नववा प्रश्न आठवला. तो विचारला की पार्बताबाई दर वेळी म्हणायच्या, ‘नाई जी, देव करो तसं कधी न होवो,’ आणि पोरीला छातीशी ओढून डावीकडे बघायच्या. दर वेळी. मी नोंदीत लिहिलं होतं: बाळाशी नातं चांगलं, बाळ सतत मांडीवर. आता मांडीवरच्या त्या पोरीकडे, आचलकडे, मी नव्यानं पाहिलं. पोरगी सतत पार्बताबाईंच्या मांडीवर का होती? पाच महिन्यांचं लेकरू तासभर काकूच्या मांडीवर, रडलं तरी काकूच्याच खांद्यावर, एकदाही आईकडे दिलेलं नाही. हातभर अंतरावर आई बसलेली असताना.

‘पार्बताबाई,’ मी म्हणाले, ‘मला मैनाशी बोलायचंय. एकटीशी.’ त्या लगेच म्हणाल्या, ‘तिले एकटी नाई ठेवत आमी.’ ‘का?’ ‘असंच जी. बाळंतीन हाये. एकटी नाई ठेवत.’ ‘पार्बताबाई, का?’ पाच आठवडे घडाघडा बोलणारी बाई, घरातलं बोलणारं माणूस, तिनं ओठ मिटून घेतले. मी त्यांना म्हणाले की बाळाला घ्या आणि अंगणात बसा, दार उघडं ठेवा, मैना दिसेल असं बसा, पण ऐकू येणार नाही इतकं लांब बसा. हे सांगताना मी चूक करते आहे की काय, अशी भीती वाटत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, मग पोरीला उचलून उठल्या. जाता जाता डावीकडे म्हणाल्या, ‘घरचं सारंच नको सांगत बसू वं.’ त्या रागावल्या नव्हत्या. त्या गयावया करत होत्या.

मैना फोनसमोर आली नाही. मीच म्हणाले, ‘मैना, इकडे येऊ नकोस, तिथंच बस. फोन तुझ्याकडे वळव फक्त.’ मग हात आला आणि फोन वळला. भिंत, भिंतीवर लग्नातला फोटो, खाली ती. तिनं पडद्याकडे बघितलं नाही. मी माझं नाव सांगितलं, जणू आज पहिलाच दिवस. म्हणाले, तुझ्याऐवजी दुसऱ्याच बाईशी बोलत बसले, माझी चूक झाली. ती गप्प. मी गप्प. शिकवलेलं असतं की गप्प बसता आलं पाहिजे, आणि मला ते येतं, असं मी समजत होते; पण त्या शांततेत मला घड्याळाचा काटा दिसत होता आणि दारातून अंगणातल्या पार्बताबाईंचा एक खांदा आणि त्यावरचं पोरीचं टोपडं दिसत होतं. नववा प्रश्न मी आधी विचारला, बाकीचे आठ सोडून. कागदावर आहे तसा नाही. ‘मैना, विहिरीकडे तू पाणी आणायला गेली होतीस का?’

तिनं मान हलवली. नाही. मग बोलली. इतक्या हळू की मी कूलर बंद करायला उठले आणि उठताना तिचं अर्धं वाक्य निसटेल या भीतीनं तशीच उभी राहिले. ‘मी जाऊबाईले सांगतलं होतं. पैल्याच दिवशी. म्हन्लं म्याडमले सांग, मले पोरगी दिसली का मनात येते इले इहिरीत टाकून द्यावं. अन मंग आपनबी जावं. रोज येते. मले पाहिजे नाई तरी येते. माह्या हाताचा भरवसा नाई मले. इले माह्याजवळ देऊ नका म्हना.’ तिनं दाराकडे पाहिलं. ‘हिनं तं सांगतलं झोप येत नाई.’

मला पडद्यावर मैना दिसत होती आणि हिरवा पडदाही दिसत होता. पाठ दुखते. झोप येत नाही. पार्बताबाईंनी काय केलं ते मला इतकं आतून कळलं की त्यांच्यावर रागवायला माझ्याकडे जागाच उरली नाही. लाज वाटली असणार. घराण्याचं नाव, आईनं लेकराबद्दल असं म्हणणं, आणि ते आपल्या तोंडानं एका परक्या बाईला सांगणं. त्यांनी एक सोपं, सांगण्यासारखं दुखणं सांगितलं आणि मोठं दुखणं स्वतः राखत बसल्या, पोरीला मांडीवरून खाली न ठेवता. अकरा वर्षांच्या मुलीपेक्षा त्यांनी जास्तच केलं. त्यांनी निदान राखण तरी केली. ‘तू हे सांगितलंस ते फार बरं केलंस,’ मी मैनाला म्हणाले, ‘हा आजार आहे. बाळंतपणानंतर होतो. तू वाईट आई नाहीस. यावर औषध आहे आणि ते आजच मिळेल.’ ही वाक्यं मी शंभरदा बोलले असेन, पण या वेळी प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर काढावा लागला. तिनं विचारलं, ‘डॉक्टरले सांगा लागते का हे?’ ‘हो.’ ‘तुमीच सांगा. माह्याच्यानं दुसऱ्यांदा नाई होत.’

बोल बेटा. मी माझा फोन घेतला, लॅपटॉपवर ती तशीच समोर ठेवून. धर्मपालला सांगितलं की गाडी काढ, जशी असेल तशी, दहा मिनिटांत त्या घरी पोच, किशोरला कारखान्यातून परस्पर दवाखान्यात बोलव. मग अमरावतीच्या आमच्या मनोविकार डॉक्टरांना लावला. ते ओपीडीत होते, मागे माणसांचा गलबला, कोणीतरी नंबर पुकारत होतं. ‘बोला लुबना, पटकन.’ आणि मी बोलायला लागले. मी म्हणाले, ‘सर, एक बाळंतीण आहे, वलगावकडची. जरा अस्वस्थ आहे. बाळाबद्दल थोडे नकारात्मक विचार येतात असं…’ ‘मग सोमवारी आणा की,’ ते म्हणाले, ‘आज इथं पाय ठेवायला जागा नाही.’ मी माझाच आवाज ऐकला. स्वच्छ, शहाणा, मराठी शाळेतला. जरा अस्वस्थ. थोडे नकारात्मक विचार. अठ्ठावीस वर्षं झाली, या खोलीत कोणी सर बसलेले नव्हते, आणि मी पुन्हा तेच केलं होतं, तितक्याच सहज, तितक्याच पटकन. मला स्वतःची अशी धास्ती कधी वाटली नव्हती. समोर मैना बघत होती. आज पहिल्यांदाच पडद्याकडे, माझ्या डोळ्यांकडे नाही, माझ्या तोंडाकडे. आपलं दुखणं नीट पलीकडे जातंय का, ते बघत होती.

‘सर, फोन ठेवू नका,’ मी म्हणाले. ‘मी चुकीचं सांगितलं. ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत सांगते.’ आणि मी सांगितलं. मले पोरगी दिसली का मनात येते इले इहिरीत टाकून द्यावं. अन मंग आपनबी जावं. रोज येते. मले पाहिजे नाई तरी येते. माह्या हाताचा भरवसा नाई मले. इले माह्याजवळ देऊ नका. वऱ्हाडी मी घरात बोलत नाही, शाळेत तिच्यावरून मार खाल्ला आहे, पण एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मोठ्यानं बोलले, खिडकी उघडी होती, खालच्या दुकानातल्या माणसानं वर पाहिलं. पलीकडचा गलबला आहे तसाच होता. डॉक्टर म्हणाले, ‘आत्ता आणा. भरती करून घेतो. तिला क्षणभर एकटं सोडू नका आणि बाळ दुसऱ्या कोणाकडे तरी राहू द्या.’ ‘बाळ तिच्या जावेकडे आहे,’ मी म्हणाले, ‘पाच आठवड्यांपासून तिच्याचकडे आहे.’

फोन ठेवला. मी खुर्चीत बसले. पार्बताबाई पोरीला खांद्यावर घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रडत होत्या, आवाज न करता, आणि पोरीच्या पाठीवर हात थोपटत होत्या. मला वाटलं, मैना आता चेहरा झाकून घेईल. तिनं झाकला नाही. ती भिंतीपासून उठली, फोनजवळ आली, इतकी जवळ की पडदाभर फक्त तिचे कोरडे ओठ आणि डोळे.

‘हो,’ ती म्हणाली. ‘असंच सांगतलं होतं मी.’